पुढच्या चाकांना ब्रेक नाही

वाहन कोणतेही असो, आमच्या अण्णांचा त्याच्याविषयीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ब्रेक कसा लागतो?" धाकट्या भावाने हप्त्यावर पहिली मोटरसायकल घेतली, तेव्हा आईने तिला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले, आणि अण्णांनी पेढा हातात घेण्याआधी गाडी समोरच्या उतारावर नेऊन दोनदा थांबवून पाहिली. ती किती पळते हे त्यांनी त्या दिवशी विचारले नाही आणि आजतागायत विचारलेले नाही. चिपळूणच्या एसटी आगारात त्यांनी ३४ वर्षे यांत्रिक म्हणून काढली. कुंभार्ली घाट उतरून आलेल्या गाडीच्या चाकापाशी नाक नेऊन ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास येतो आहे की नाही हे सांगणे हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होता, आणि त्या वासाच्या बाबतीत ते अजूनही सहसा चुकत नाहीत.

अशा माणसाला वेगाच्या उत्सवाला न्यावे की नाही, याचा मी थोडा विचार केला होता. मी राहते ते वोकिंग आणि ब्रुकलँड्स जिथे आहे ते वेब्रिज ही इंग्लंडमधल्या सरे परगण्यातली, एकाच लोहमार्गावरची गावे. अण्णा तीन महिन्यांसाठी आले होते, किल्ले आणि राजवाडे पाहून त्यांना कंटाळा आला होता, आणि ब्रुकलँड्सच्या संग्रहालयात उन्हाळ्यातला 'डबल ट्वेल्व्ह' नावाचा जुन्या गाड्यांचा उत्सव भरणार होता. "जुन्या गाड्या आहेत, चालू स्थितीतल्या," एवढेच मी त्यांना सांगितले. ते सकाळी साडेसहालाच बूट घालून सोफ्यावर बसले होते.

ब्रुकलँड्स ही केवळ मोटारींच्या शर्यतीसाठी बांधलेली जगातली पहिली धावपट्टी. ती उभी राहिली त्यामागे एक सरकारी आकडा आहे. १९०३ च्या कायद्याने ब्रिटनमधल्या रस्त्यांवर ताशी २० मैलांची, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरची मर्यादा घातलेली होती, आणि सार्वजनिक रस्त्यांवर शर्यती घेण्याची सोय नव्हती. फ्रान्स आणि इटलीत मात्र गावोगावच्या रस्त्यांवरून शर्यती होत होत्या. ह्यू लॉक किंग नावाचा वेब्रिजचा जमीनदार १९०५ साली इटलीतल्या ब्रेशियाची शर्यत पाहून आला, तिथे एकही ब्रिटिश गाडी नव्हती हे त्याच्या मनाला लागले, आणि त्याने आपल्याच जमिनीवर पावणेतीन मैलांचा, सुमारे ३० मीटर रुंदीचा काँक्रीटचा अंडाकृती मार्ग बांधून काढला. वळणांवर हा मार्ग बाहेरच्या बाजूने जवळजवळ नऊ मीटर उंच उचललेला आहे. या उद्योगात लॉक किंगचे आर्थिक कंबरडे मोडले, आणि नंतरचा बराचसा भार त्याची पत्नी एथेल हिने उचलला. १७ जून १९०७ रोजी मार्ग खुला झाला, तेव्हा पहिल्या मिरवणुकीच्या अग्रभागी असलेली गाडी तीच चालवत होती.

उत्सवाच्या 'डबल ट्वेल्व्ह' या नावाची कथा अण्णांना फार आवडली, म्हणून ती इथे सांगते. फ्रान्समधल्या ल माँसारखी २४ तासांची शर्यत इथे घ्यावी अशी इच्छा पुढे निर्माण झाली, पण आवाजामुळे शेजारीपाजारी आधीच वैतागलेले होते. त्यांनी कोर्टकचेऱ्या केल्या होत्या, आणि त्यातूनच प्रत्येक गाडीला एक ठरावीक मोठा सायलेन्सर लावण्याची सक्ती १९२० च्या दशकात आली होती. रात्री गाड्या पळवणे शक्यच नव्हते. मग तोडगा असा निघाला की शर्यतीचे दोन तुकडे करायचे : एक दिवस बारा तास, दुसऱ्या दिवशी बारा तास, आणि मधल्या रात्री गाड्या कुलूपबंद ठेवायच्या, म्हणजे कोणी गुपचूप स्क्रूसुद्धा आवळू नये. १९२९ ते १९३१ अशी तीन वर्षे ही शर्यत झाली. "म्हणजे नाइट आउट," अण्णा म्हणाले. मुक्कामी एसटीला आमच्याकडे तेच म्हणतात.

आत गेल्यावर लोक आधी गाड्यांकडे धावतात. अण्णा धावपट्टीकडे गेले. मार्गाचा बराचसा भाग आता उरलेला नाही. शर्यती १९३९ च्या ऑगस्टमध्ये कायमच्या थांबल्या, युद्धात इथे विमाने बनली, कारखान्याच्या सोयीसाठी काँक्रीट ठिकठिकाणी फोडले गेले, आणि १९४६ मध्ये सारी जागा व्हिकर्स या विमान कंपनीला विकली गेली. जो तुकडा संग्रहालयाच्या कुशीत शिल्लक आहे, त्याला 'मेंबर्स बँकिंग' म्हणतात. पायथ्याशी तो बशीच्या कडेसारखा सौम्य आहे, पण वर जाता जाता इतका उभा होतो की शेवटच्या टप्प्यात माणसाला हात टेकावे लागतात. काँक्रीटच्या लाद्यांच्या सांध्यांतून गवत आणि शेवाळ आलेले आहे. अण्णांनी एका सांध्यावर टाच ठेवली, मग शेजारच्या लादीवर, आणि दोहोंतला फरक मला बोटांनी दाखवला. तो पाऊण इंच तरी होता. "यावरून पळवायचे?"

पळवत असत, आणि त्या काँक्रीटनेच गाड्या खिळखिळ्या होत. इतक्या उभ्या उतारावर डांबर घालण्याचे तंत्र तेव्हा नव्हते, म्हणून उघडे काँक्रीट ओतले. ते खचत गेले, दर हिवाळ्यात डागडुजी होत राहिली, आणि मार्ग जिथे वे नदीवरच्या पुलावरून जात असे तिथे एक उंचवटा तयार झाला, ज्यावरून वेगात आलेली गाडी अक्षरशः हवेत उडे. उचललेल्या वळणाचे गणित मात्र अण्णांना समजावून सांगावे लागले नाही. घाटात रस्त्याची बाहेरची बाजू उचललेली असते ती याच कारणासाठी, हे त्यांनीच मला सांगितले : वळणावर गाडी बाहेर फेकली जाते, रस्ता आत कललेला असला की गाडीचे वजनच तिला धरून ठेवते, आणि जितका वेग जास्त तितका कल जास्त लागतो. म्हणून इथे हळू गाडी वळणाच्या तळाशी राही आणि वेगवान गाडी कडेच्या जवळ, वर. वेगाची प्रत उंचीवरून कळावी असे हे ठिकाण होते.

कडेच्या इतक्या जवळ टायर फुटला तर काय, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मीच पर्सी लँबर्टची गोष्ट काढली. एका तासात १०० मैल कापणारा हा पहिला माणूस. १५ फेब्रुवारी १९१३ रोजी साडेचार लिटरच्या टॅलबट गाडीत बसून त्याने याच मार्गावर तासाभरात १०३.८४ मैल, म्हणजे सुमारे १६७ किलोमीटर अंतर कापले. पुढे तो विक्रम त्याच्या हातून गेला. तो परत मिळवण्यासाठी त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला तो पुन्हा उतरला, टायर फुटला, आणि तो गेला. लवकरच त्याचे लग्न व्हायचे होते आणि हा प्रयत्न शेवटचा असे त्याने कबूल केले होते, असे सांगतात. असे नेहमीच सांगतात, म्हणून मी त्यावर फार भर देत नाही. 'तासाला शंभर' हे शब्द आज आपण एक्स्प्रेस-वेवर चहाचा पेला हातात धरून म्हणतो. त्या काळी तो पूर्ण एक तास होता, साठच्या साठ मिनिटे, आणि प्रत्येक फेरीला ते सांधे पाठीच्या कण्यात वाजत असत.

गाड्या मांडलेल्या पॅडॉकमध्ये आल्यावर अण्णा खुलले. इथे दोरी बांधून 'हात लावू नये' असे फारसे कोणी म्हणत नाही. मालक आपापल्या गाडीशेजारी घडीच्या खुर्चीवर बसलेले असतात, बहुतेक सत्तरीच्या आसपासचे, नखांत ग्रीस मुरलेले, आणि कोणी काहीतरी विचारावे याची वाट पाहत असलेले. अण्णांचे इंग्रजी यथातथा आहे, पण एका फ्रेझर नॅशपाशी त्याची गरज पडली नाही. या गाडीला नेहमीसारखी गिअरपेटी नसते. प्रत्येक गिअरला स्वतंत्र साखळी असते, सायकलीच्या साखळीची थोरली बहीण म्हणावी अशी, आणि मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा आस एकसंध असतो, त्याला डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा, नाही. मालकाने मागची फळी उचलून दाखवली. अण्णा गुडघ्यांवर बसले. एक साखळी चिमटीत धरून त्यांनी ती किती ढिली आहे ते पाहिले, मालकाने दोन बोटे दाखवली, अण्णांनी दीड बोट दाखवले, आणि यावर दोघांत काही काळ शब्दांवाचून मतभेद झाला.

मग अर्थातच ब्रेक. जुन्या गाड्यांत तेलाचा दाब नसतो. पेडलपासून चाकापर्यंत पोलादी दांडे आणि तारा गेलेल्या असतात, आणि चारही बाजूंचे ताण हाताने जुळवावे लागतात. एक जरी कमी-जास्त झाला तरी गाडी ब्रेक मारताच एका बाजूला ओढते. अण्णांनी विचारले, "ओढते का?" मी भाषांतर केले. म्हातारा हसला, त्याने तळहात आडवा धरून तो किंचित डावीकडे वळवला. "उजवीकडचा दांडा अर्धा आटा आवळा म्हणावे," अण्णा म्हणाले. तेही मी सांगितले. म्हाताऱ्याने खिशातून डायरी काढून ते खरोखर लिहून घेतले, की सभ्यपणा म्हणून लिहिल्यासारखे केले, हे मला कळले नाही.

याच जागी मला एक गोष्ट नीट लक्षात आली. वेगाची नोंद असते. ब्रुकलँड्सवर तर नोंदींचे वेडच होते : ताशी १२० मैलांच्या वर फेरी मारणाऱ्या मोटारचालकाला एक बिल्ला, १३० च्या वर वेगळा, आणि शर्यतीत १०० मैलांच्या वेगाने फेरी मारणाऱ्या मोटरसायकलस्वाराला सोनेरी तारा. १९३७ साली वॉल हँडलीने बीएसएच्या गाडीवर असा तारा मिळवला, म्हणून त्या कंपनीने पुढच्या गाडीचे नावच 'गोल्ड स्टार' ठेवले. त्या बीएसएची मालकी आता महिंद्र समूहातल्या क्लासिक लिजंड्सकडे आहे, तेव्हा वेब्रिजचा तो तारा फिरत फिरत मुंबईच्या पत्त्यावर आला म्हणायचे. पण ब्रेक लागला, याची नोंद कुठेही नसते. ३४ वर्षांत अण्णांच्या हाताखालून गेलेल्या किती गाड्या कुंभार्लीच्या किती वळणांवर थांबायच्या तिथे थांबल्या, हे कोणत्याही रजिस्टरात नाही. रजिस्टरात येते ते न थांबलेल्या गाडीचे नाव.

बिल्ल्यांच्या या जगात बायकांना शिरकाव मिळायला वेळ लागला. १९०८ मध्ये त्यांच्यासाठी एक वेगळी शर्यत झाली आणि ती म्युरिएल थॉम्प्सनने जिंकली, पण पुरुषांच्या बरोबरीने उतरण्याची मुभा पुष्कळ नंतरची. मला इथे सगळ्यांत जवळची वाटते ती के पेट्री. तिची उंची चार फूट दहा इंच होती, माझ्यापेक्षाही दोन इंच कमी, आणि तिने चालवली ती साडेदहा लिटरची, बारा सिलिंडरांची डेलाज गाडी. पाय पोहोचावेत म्हणून पेडलांवर ठोकळे बसवावे लागले. १९३५ च्या उन्हाळ्यात तिने ताशी १३४.७५ मैलांची फेरी मारून बायकांचा विक्रम केला, आणि लगेच ग्वेंडा हॉक्सने १३५.९५ मैलांची फेरी मारून तो मोडला. त्या गाडीजवळ उभ्या असलेल्या पेट्रीचे छायाचित्र पाहिले की चाक तिच्या खांद्याला लागेल असे वाटते. मी ठोकळ्यांची गोष्ट सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "ठोकळा ब्रेकच्या पेडललापण होता ना?" होता. त्यांचे समाधान झाले.

आणि मग नेपिअर-रेल्टन. दुपारी तिला शेडमधून ढकलत बाहेर आणले, तेव्हा सगळे पॅडॉक तिच्याभोवती गोळा झाले. जॉन कॉब हा फरचा व्यापारी, धिप्पाड, अबोल माणूस. त्याच्यासाठी रीड रेल्टनने हिचा आराखडा केला आणि १९३३ मध्ये ती इथेच, ब्रुकलँड्सच्या आवारातल्या थॉमसन अँड टेलरच्या कार्यशाळेत बांधली गेली. इंजिन विमानाचे : नेपिअर लायन, चार-चार सिलिंडरांच्या तीन रांगा पक्ष्याच्या पायाच्या बोटांसारख्या फाकलेल्या, एकूण जवळजवळ २४ लिटर. आपल्याकडची साधी मोटार एक ते दीड लिटरची असते. अंगावर रंग नाही, चकचकीत धातूचा पत्रा, शेपटी निमुळती, आणि टायर माझ्या कमरेला लागतील एवढे. ७ ऑक्टोबर १९३५ रोजी कॉबने हिच्यातून ताशी १४३.४४ मैल, म्हणजे सुमारे २३१ किलोमीटर वेगाची फेरी मारली. तो विक्रम कधीच मोडला नाही, कारण नंतर मार्गच राहिला नाही. पुलाजवळच्या त्या उंचवट्यावर चारही चाके जमिनीपासून सुटलेली ही दोन टनांची गाडी एका प्रसिद्ध छायाचित्रात दिसते.

इंजिन सुरू झाले तेव्हा मला वाटले होते तसा गडगडाट झाला नाही. आधी एकेक सिलिंडर वेगवेगळा ऐकू आला, कोणी बारा रिकामी पिंपे पाळीपाळीने ठोकावीत तसा; निळा धूर पसरला, एरंडेलासारखा काहीसा वास आला, मग ते ठोके एकमेकांत मिसळले आणि छातीच्या पिंजऱ्यात काहीतरी थरथरू लागले. शेजारच्या मुलाने कान झाकले. सगळे जण इंजिनाकडे पाहत होते. अण्णा खाली वाकून पुढच्या चाकाच्या आत पाहत होते. ते उठले, वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले, तिकडच्या चाकाच्या आत पाहिले, आणि माझ्याकडे येऊन हळू आवाजात, एखाद्या घरातले गुपित कळावे तसे म्हणाले, "पुढच्या चाकांना ब्रेकच नाहीये."

नाहीतच. तिला ब्रेक आहेत ते फक्त मागच्या चाकांना. १९३३ पर्यंत साध्या मोटारींनाही चारही चाकांना ब्रेक येऊ लागले होते, तेव्हा हे अज्ञान नव्हते, हा निर्णय होता. अंडाकृती मार्गावर विक्रमासाठी पळताना पाय काढायचाच नसतो. ब्रेक लागतो तो सगळे आटोपल्यावर, आणि तेव्हा घाई नसते. मी हे सांगितल्यावर अण्णांनी मान डोलावली, पण ती पटल्याची नव्हती. अण्णांचा खरा सूड मला नंतर माहितीफलकावर सापडला. युद्धानंतर, १९५० च्या दशकात, हीच गाडी एका पॅराशूट कंपनीने घेतली आणि ती विमानांना थांबवणाऱ्या पॅराशूटांच्या चाचणीसाठी वापरली. धावपट्टीवर उतरलेल्या विमानाच्या शेपटीतून जे छत्र उघडते, ते गाडीच्या मागे बांधायचे, गाडी जोरात पळवायची, छत्र उघडायचे आणि ती कशी थांबते ते मोजायचे. आयुष्याचा पूर्वार्ध तिने न थांबण्यात घालवला आणि उत्तरार्धात ती थांबवण्याचे साधन तपासू लागली. अण्णांनी तो मजकूर माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

विमानांच्या विभागात आम्ही भराभर फिरलो. कॉनकॉर्डमध्ये अण्णांना कार्बनच्या ब्रेकांपलीकडे रस नव्हता. व्हिकर्स व्हायकाउंट पाहून मात्र ते थांबले, कारण १९५७ पासून इंडियन एअरलाइन्सकडे ही विमाने होती आणि त्यांचे एक साहेब तिच्यातून दिल्लीला जाऊन आल्याचे वर्षभर सांगत असत. तिथेच वेलिंग्टन जातीचे एक बाँबफेकी विमान आहे, ते १९४० मध्ये स्कॉटलंडच्या लॉक नेस सरोवरात उतरवावे लागले होते आणि १९८५ मध्ये त्याच्या तळातून वर काढले गेले. जॉन कॉबही त्याच सरोवरात गेला, २९ सप्टेंबर १९५२ ला, जेट इंजिनाच्या बोटीतून पाण्यावरचा विक्रम करताना. दोन्ही गोष्टी वेब्रिजमधून निघून त्याच पाण्यापाशी पोहोचल्या, हे माझ्या मनातून त्या दिवशी गेले नाही.

शेवटी टेस्ट हिल. १९०९ मध्ये बांधलेला हा काँक्रीटचा सरळसोट चढ जेमतेम ३५२ फूट लांब आहे, पण वरच्या टोकाला चार फुटांना एक फूट असा चढत जातो. उत्सवात जुन्या गाड्या एकेक करून त्यावर चढवतात. लोक दोन्ही कडांना उभे राहतात, आणि एखादी बुटकी ऑस्टिन सेव्हन धापा टाकत माथ्यावर पोहोचली की थोरल्या बेंटलीपेक्षा तिला जास्त टाळ्या मिळतात. अण्णा मन लावून पाहत होते. कोणत्या चालकाने गिअर उशिरा टाकला हे ते मला आवाजावरून सांगत होते. "चढतात चांगल्या," ते म्हणाले, "पण उतरताना दाखवत नाहीत." हा चढ गाड्यांची चढण्याची ताकद पाहण्यासाठी बांधला होता तसाच ब्रेक तपासण्यासाठीही बांधला होता, हे फलकावर लिहिलेले होते. मी वाचून दाखवले. अण्णांनी टोपी काढून घाम पुसला आणि त्या चढाकडे, प्रथमच, ओळखीच्या नजरेने पाहिले. कारखान्यातून नवी गाडी येऊन या माथ्यावर उभी राही, खाली सोडली जाई, आणि कोणीतरी तळाशी उभे राहून ती थांबते का ते पाही. त्या तळाच्या माणसाचे नाव फलकावर नाही.

परतीच्या गाडीत अण्णांनी आगारातल्या निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर नेपिअर-रेल्टनचे छायाचित्र टाकले. ध्वनिसंदेशात ते सांगत होते की २४ लिटरचे इंजिन आहे, विमानाचे आहे, ताशी २३० पळालेली आहे, आणि पुढच्या चाकांना ब्रेक नाही, मी स्वतः वाकून पाहिले आहे. चिपळूणला तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. वेब्रिजहून वोकिंग येईपर्यंत कोणी उत्तर दिले नाही. मग त्यांच्याच विभागातल्या एका जुन्या सहकाऱ्याचा एका ओळीचा संदेश आला, आणि अण्णांनी तो मला चष्मा कपाळावर सरकवून वाचून दाखवला :

"मग असली गाडी मार्गावर सोडली कोणी?"